काही कमी नाही

जाहीर निवेदन! पेणपासून रोह्यापर्यंत ज्यांना ज्यांना पाठ आहे, मान आहे, कंबर आहे आणि यांपैकी काही ना काही रोज दुखतं, अशा तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, तुमच्या दुखण्याची तुमच्यापेक्षा जास्त काळजी करणारा या टापूतला एकमेव इसम सध्या घरी बसलेला आहे. हा इसम माझा सख्खा मेव्हणा. दुसऱ्याच्या सुखापायी इतका दुःखी झालेला माणूस रायगड जिल्ह्यात पूर्वी झाला नाही, पुढे होणार नाही, आणि चुकून झालाच तर त्याचीही नोकरी जाईल, अशी लेखी हमी द्यायला मी तयार आहे.

मेव्हणा राहतो पेणला आणि मी अष्टमीला. कुंडलिका नदीच्या पुलाच्या पलीकडे रोहा, अलीकडे माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. मेव्हण्याच्या कंपनीचा धंदा म्हणजे लोकांचे फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशिन बिघडले की त्यांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेणे. दुरुस्त करणारे वेगळे. यांनी फक्त ऐकायचं. पूर्वी पनवेलच्या पुढे एका काचेच्या इमारतीत बसून ही मंडळी ऐकायची. मग घरून काम करायचे दिवस आले आणि कंपनीच्या लक्षात आलं, की आपल्या काचांपेक्षा लोकांच्या घरच्या भिंती बऱ्या. ऑफिस बंद झालं ते परत उघडलंच नाही. मेव्हणा टीम लीडर होता. त्याची जुनी टीम पांगली आणि नव्याने भरलेली माणसं आपापल्या गावीच बसून ऐकायला लागली. जोह्याला महेश, ज्याचं घर म्हणजेच गणपतीचा कारखाना. कासूला सुगंधा, जिचे वडील मिठागरात राबलेले. आणि आमच्या अष्टमीतली नसीमा, जिचा नवरा कुवेतला. आणखीही दोघंतिघं होते, पण माझ्या मेव्हण्याच्या सेवेचा खरा मारा झाला तो या तिघांवर.

सेवा हा शब्द मी जपून वापरतोय. झालं असं, की कंपनीने सगळ्या लीडर लोकांना लोणावळ्याच्या एका हॉटेलात ट्रेनिंगला नेलं. तिथे टाय लावलेल्या एका तरुणाने त्यांना सांगितलं, की खरा नेता हा आपल्या माणसांचा सेवक असतो. बाकीचे लीडर हे जेवणाच्या सुट्टीत विसरले. माझा मेव्हणा जेवलाच नाही. तो परतला तो घरी न जाता थेट माझ्या दुकानात आला, वायरच्या बंडलांमध्ये उभा राहिला, आणि दीक्षा घेऊन आल्यासारखा म्हणाला, "भावोजी, आजपासून मी सेवक."

माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, आतून बाहेर आली. "सेवक? लग्नाला इतकी वर्षं झाली, स्वतःचं ताट उचललंस का रे कधी?"

"ताई, ते घर. हे ऑफिस."

"अरे, पण ऑफिस घरातच आहे ना तुझं?"

यावर त्याने माझ्याकडे चहा मागितला.

ताट त्याने पुढेही उचललं नाही. पण टीमची ताटं त्याच्या डोक्यात बसली. रोज सकाळी फोन. "महेश, काय खाल्लंस? नुसता चहा? चहा म्हणजे खाणं नव्हे रे राजा." "सुगंधा, पाठ कशी आहे? उठून दोन पावलं चाललीस का?" "नसीमा, कान दुखतो तो कुठला, उजवा की डावा? मग हेडफोन आज दुसऱ्या कानावर ठेव." त्याची स्वतःची बायको स्वयंपाकघरातून हे ऐकत असायची. एकदा मी पेणला गेलो होतो तेव्हा ती पोह्याचे पापड तळता तळता मला म्हणाली, "भावोजी, तुमची ओळख आहे ना यांच्याशी? मला यांच्या टीममध्ये घ्यायला सांगा. निदान रोज कुणी विचारील तरी, मी जेवले का." आणि हसली. पापड मात्र करपला.

या सेवाकार्यात माझी भूमिका ड्रायव्हरची. माझ्याकडे दुकानाची जुनी व्हॅन आहे आणि मेव्हण्याकडे गाडी नाही. शास्त्राप्रमाणे मेव्हण्याने भावोजींची सेवा करायची असते. आमच्याकडे भावोजी स्टेअरिंगवर आणि सेवक शेजारी खिडकीत बसून निसर्ग बघतोय. एकदा त्याने सुगंधासाठी खुर्ची घेतली. मागे जाळी, हाताला गादी, खाली चाकं, असली राजेशाही खुर्ची. सुगंधा जमिनीवर चटई घालून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप ठेवून काम करायची, म्हणून तिची पाठ दुखायची. आम्ही ती खुर्ची व्हॅनच्या टपावर बांधून कासूला नेली. रेल्वेच्या फाटकाशी गेट पडलेलं होतं. लोक गाडी बघायचं सोडून खुर्ची बघत होते. एक आजोबा जवळ येऊन हळूच विचारून गेले, "कंचा पुढारी येतोय?"

सुगंधाच्या वडिलांनी खुर्ची उतरवून घेतली, तिच्याभोवती एक फेरी मारली, आणि मग मेव्हण्याला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, येक इचारू? पोर दिवसभर खोलीत येकटीच बोलतं. येकदा सॉरी बोलतं, परत सॉरी बोलतं. मना वाटला, कुनी काय केलाय का हिला." मेव्हण्याने त्यांना अर्धा तास फ्रिजची तक्रार समजावून सांगितली. शेवटी त्यांनी मान हलवली. "म्हंजे लोकांचा फ्रिज बिघाडतो आनि माझी पोर माफी मागतं. बराय."

महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा खुर्ची ओटीवर होती. तिच्यावर भरतकामाचा रुमाल, बसायच्या जागेचं प्लॅस्टिक तसंच. सुगंधा आत चटईवर. आम्हाला बघून तिची आई ओरडली, "गो, साहेब आलं! खुर्ची पूस!" आणि माझ्या मेव्हण्याला सन्मानाने त्या खुर्चीवर बसवण्यात आलं. त्याने आणलेल्या खुर्चीवर आजवर बसलेला तो एकमेव माणूस. तो तिथे बसून चाकांवर हळूहळू मागे सरकत होता आणि दारातून दिसणाऱ्या सुगंधाच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होता. त्याचा चेहरा मला बघवेना. म्हणून मी दुसरा चहा मागितला.

पण माझ्या मेव्हण्याची खरी कला वेगळीच. शिव्या खाण्यात त्याचा हात धरणारा मी पाहिला नाही. ज्याचा फ्रिज बिघडतो त्याची जीभ पण बिघडते. टीममधल्या कुणाला कस्टमर फारच वेडंवाकडं बोलायला लागला, की फोन मेव्हण्याकडे वळवायचा, असा त्याचा हुकूम होता. हुकूम कसला, आर्जव. मग तो पेणच्या आपल्या गॅलरीत उभा राहून, फोनपुढे कमरेत वाकून त्या शिव्या घ्यायचा. "हो साहेब... बरोबर आहे साहेब... आईसुद्धा, हो साहेब..." खालून जाणारी माणसं वर बघायची. फोन संपला की पाणी प्यायचा, घाम पुसायचा आणि म्हणायचा, "मनाने चांगले होते हो गृहस्थ. आईसक्रीम वितळलं होतं त्यांचं." मी त्याला एकदा म्हटलं, अरे, तू कुणाकडे वळवतोस? तर म्हणाला, "माझ्यावर कोण आहे भावोजी? वर फक्त कॉम्प्युटर आहे."

हे त्याने गमतीत म्हटलं नव्हतं. कारण त्या कॉम्प्युटरने एक दिवस नवीन काढलं. सकाळी काम सुरू करायच्या आधी प्रत्येकाच्या स्क्रीनवर तीन तोंडं यायला लागली. एक हसरं, एक कोरं, एक रडकं. आज तुम्हाला कसं वाटतंय, त्याप्रमाणे एक तोंड दाबायचं, मगच पुढचं उघडणार. कंपनीला कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी लागली होती म्हणे. मेव्हणा तर हर्षाने वेडा झाला. आता कुणी लपवू शकणार नाही, असं त्या भोळ्याला वाटलं.

पहिल्याच आठवड्यात महेशने रडकं तोंड दाबलं. आदल्या दिवशी एका बाईने मिक्सरच्या भांड्यावरून त्याच्या मेलेल्या बापाचा उद्धार केला होता. दाबून तो कामाला लागला आणि विसरला. इकडे मेव्हण्याने मला दुकानातून उठवलं, आणि दुपारच्या आत आम्ही जोह्याला हजर!

जोह्यातलं ते घर म्हणजे पडवीपासून मागच्या दारापर्यंत गणपती. रंग न लागलेले, पांढरेशुभ्र, एकाला एक चिकटून. त्यांच्यातच एका कोपऱ्यात महेश कानाला हेडफोन लावून बसायचा. "साहेब दारात आलेत" म्हटल्यावर जो गहजब उडाला तो काय वर्णावा! महेशची आई प्लास्टरने भरलेल्या हातांनी बाहेर आली आणि तशीच आत पळाली. शेजारून खुर्च्या आल्या. खुर्च्यांना जागा हवी म्हणून सगळ्या घराने मिळून गणपती उचलून मागे न्यायला सुरुवात केली. त्या घाईत एकाची सोंड गेली. कोणी कोंबडी धरायला धावलं. माझा मेव्हणा मधोमध उभा राहून हात जोडत होता, "अहो, काही करू नका, मी सेवक आहे, मी फक्त विचारायला आलोय." त्याच्याकडे बघत महेशच्या आईने मला हळूच विचारलं, "भाऊ, ह्ये वायफायवालेच ना? मग वर का चढत नायत?"

महेश तर शरमेने अर्धा झाला. त्या दिवशी त्याला धड काम करता आलं नाही, आईची ऑर्डर रखडली, आणि मेव्हण्याने रस्सा ओरपून त्याचे दोन्ही हात धरले. "महेश, मनात काय आहे ते बोल." समोर आई, काकू, शेजारी, आणि सोंड गेलेला गणपती. महेश म्हणाला, "काय नाय साहेब. मी एकदम बरा हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्या टीममध्ये रडकं तोंड कुणी दाबलं नाही.

हे मला नसीमाने सांगितलं. दुकानात ती प्लग घ्यायला आली होती. कानाची पाळी चोळत उभी होती. "भाऊ, तुमच्या मेव्हण्याला सांगू नका हां. आमी सगळी हसरा दाबतो. रडका दाबला तर साहेब येतील, सासूबाय सांदणं करायला बसतील, सगला मोहल्ला बघत बसल. आनि साहेबांची कंबर किती दुखते, माहीत हाय ना तुमाला? मागं आमच्या घरी आले तवा पायरी कशी धरून धरून चढले. माझ्यापायी कशाला त्यांना त्रास?"

"पण तू खरंच बरी आहेस का गो?"

ती हसली. "दिवसा कस्टमर फोनवर, सांजच्याला नवरा फोनवर. दोघांचा सूर येकच. माझा काम कधी करतेस ते बोल." मग प्लगचे पैसे ठेवून ती पुलाकडे गेली. मध्यावर थांबून बराच वेळ खाली पाण्याकडे बघत उभी होती. मी गिऱ्हाईक सोडून तिच्याकडे बघत राहिलो. ती हलली तेव्हा कुठे मी गिऱ्हाईकाकडे वळलो.

मेव्हण्याला काहीच कळलं नाही, असं मात्र नाही. स्क्रीनवर रोज सकाळी हसऱ्या तोंडांची रांग उमटायची आणि तो ती बघत बसायचा. एकदा म्हणाला, "भावोजी, इतकी माणसं इतके दिवस सलग खूश असतात का हो? आपल्या घरात तरी कधी होती?" मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांना हात जोडून सांगितलं, की खरं दाबा, मी रागावणार नाही. परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी हसरं तोंड जास्तच लवकर दाबलं. मग तो फोनवर बोलणं सोडून गप्प राहायला लागला. पलीकडचा श्वास ऐकायचा. "सुगंधा आज जरा जड श्वास घेत होती," असं मला सांगायचा. त्याचे स्वतःचे गाल बसले होते. जेवताना मधेच थांबायचा. त्याची बायको म्हणाली, आता हे झोपेतपण सॉरी म्हणतात.

आणि तेवढ्यात कंपनीने जाहीर केलं की काही लीडर कमी करायचे आहेत. कुणाला ठेवायचं ते टीमला विचारून ठरवणार. मोठ्या ऑफिसातल्या एक बाई प्रत्येकाला फोन करणार.

तुम्हाला सांगतो, त्या तिघांची अशी एकी मी निवडणुकीतसुद्धा पाहिली नाही. साहेबांना वाचवायचं! मेव्हण्याला नकळत महेश आणि सुगंधा रविवारी गाडी धरून रोह्याला आले, नसीमा आली, आणि माझ्या दुकानात सभा भरली. एकमेकांना त्यांनी प्रत्यक्ष असं पहिल्यांदाच बघितलं. महेश सुगंधाला म्हणाला, "अगं, तू एवढी उंच आहेस?" ती म्हणाली, "तुला बसलेलीच दिसते ना मी." मग ठरलं, की एकही तक्रार करायची नाही. नसीमाने बजावलं, "बाईनं काय पन विचारू दे, बोलायचा, आमच्या साहेबांच्या राज्यात काय कमी नाय."

आपल्याकडची रीतच ती. पाहुण्याच्या पानात वाढायला आलं की पाहुण्याने हात आडवा धरायचा. भूक असली तरी 'पुरे' म्हणायचं. माहेरी कुणी विचारलं, सासरी कसं आहे, तर 'छान आहे' म्हणायचं. 'काही कमी नाही' याहून मोठं कौतुक आपल्याला माहीत नाही. बाईंचे फोन आले. तुम्हाला काही त्रास आहे का? नाही. कुणाच्या मदतीची गरज लागते का? छे, छे. एकटं वाटतं का? मुळीच नाही, साहेब इतके चांगले आहेत! प्रत्येकाने हात आडवा धरला. मग ती मंडळी विजयाच्या आनंदात निकालाची वाट बघत बसली.

निकाल असा लागला, की ही टीम संपूर्ण कंपनीत सर्वांत सुखी आहे. हिला कसलाही त्रास नाही, कुणाचीही गरज नाही. तेव्हा हिला लीडरही नको. मेव्हण्याचं अभिनंदन करण्यात आलं आणि त्याची जागा रद्द करण्यात आली.

हे ऐकून माझी बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "दवाखान्यातले सगळे पेशंट आम्ही बरे आहोत म्हणाले, तर डॉक्टरला ठेवतील कशाला?" मी म्हटलं, हे आधी का नाही बोललीस. ती म्हणाली, "मला विचारलं कोणी?"

गेल्या रविवारी मी त्या तिघांना व्हॅनमध्ये घालून पेणला घेऊन गेलो. मेव्हणा दारातच उभा होता. अंगातला शर्ट दोन मापांनी मोठा वाटत होता. पण माणसं बघितली आणि त्याला असा काही उत्साह आला, की काय सांगू! याला पंख्याखाली बसव, तिला उशी दे, पाणी आण. त्याची बायको पापड घेऊन आली तर तिच्या हातातली ताटली घेऊन स्वतःच वाटायला लागला. ती बिचारी दारात रिकाम्या हातांनी उभी राहून बघतच राहिली. मग त्याची फेरी सुरू झाली. "महेश, खातोस ना वेळेवर?" "हो साहेब." "सुगंधा, पाठ?" "बरी आहे साहेब." नसीमा मांडीवर सांदणांचा डबा धरून खाली बघत होती. तिला त्याने विचारलं, कान कसा आहे. तिने नुसती मान हलवली.

शेवटी तो दमून माझ्या शेजारी टेकला. कपाळावरचा घाम पुसला. गॅलरीतून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात त्याचे केस एकदम पांढरे दिसले. इतक्या दिवसांत ते कधी झाले, हे मी पाहिलंच नव्हतं. समोरच्या तिघांवरून त्याने नजर फिरवली, जेवण झाल्यावर पंगतीकडे बघावं तशी, आणि तृप्त आवाजात मला म्हणाला, "भावोजी, नोकरीचं काय एवढं? ती जायचीच. पण एक समाधान आहे बघा. माझ्या हाताखाली माझ्या माणसांना कसला त्रास नाही झाला. सगळी बरी राहिली."

महेश पापडाचे तुकडे करत होता, सुगंधाने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. आणि मग नसीमाच्या मांडीवरचा डबा खणकन खाली आला, आणि ती मोठ्याने म्हणाली, "आमी कोणच बरे नव्हतो वो साहेब! येक दिवस पन नव्हतो!"